वेरूळची इंद्रसभा

खुलताबादला जियारतीसाठी आम्ही दर वर्षी जातो. तिथून वेरूळची लेणी जेमतेम चार-पाच किलोमीटर. तरीही आमच्या अम्मींनी सत्तरी गाठली, पण लेणी पाहिली नव्हती. "तिथे आपलं काय काम?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. या वेळी नातवाने हट्ट धरला, म्हणून त्या गाडीत बसल्या.

बहुतेक लोक कैलास लेणं पाहून परत फिरतात. आम्ही मुद्दाम उत्तरेच्या टोकाला गेलो. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी शेवटची पाच, म्हणजे ३० ते ३४, जैन लेणी आहेत. ती साधारण नवव्या-दहाव्या शतकातली, दिगंबर पंथाची. त्यातलं सर्वांत देखणं ३२ क्रमांकाचं, 'इंद्रसभा'.

दरवाजातून आत गेलं की उघडं अंगण लागतं. मधोमध एका अखंड दगडातून कोरलेलं छोटं मंदिर, एका बाजूला दगडी हत्ती, दुसऱ्या बाजूला उंच मानस्तंभ. हे काही बांधलेलं नाही. कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत नेला आणि नको तेवढा दगड काढून टाकला. एक घाव चुकला असता, तर तुटलेलं पुन्हा जोडता आलं नसतं.

जिना चढून वरच्या मजल्यावर गेलो. तिथल्या खांबांवरची नक्षी लाकडावर कोरावी इतकी बारीक आहे. छतावर मोठं कमळ आहे आणि जुन्या रंगचित्रांच्या खुणाही दिसतात. हत्तीवर बसलेल्या मूर्तीला लोक इंद्र समजले, म्हणून 'इंद्रसभा' हे नाव पडलं. अभ्यासकांच्या मते तो यक्ष आहे. आंब्याच्या झाडाखाली मूल घेऊन बसलेली अंबिका आहे. बाहुबलीच्या अंगावर वेली चढल्या आहेत. भावाला हरवूनही त्याने राज्य सोडलं आणि तो तपाला उभा राहिला, ही कथा ऐकून अम्मी म्हणाल्या, "जिंकून सोडणं सोपं नाही."

हल्ली वारसा म्हटलं की 'कुणाचा?' हा प्रश्न आधी येतो. या लेण्यांबद्दल मुसलमानांनीही पूर्वीपासून लिहिलं आहे. दहाव्या शतकातल्या अल्-मसूदीच्या लेखनात वेरूळचा उल्लेख येतो. जवळच खुलताबादला दफन असलेल्या औरंगजेबानेही एका पत्रात इथल्या कामाचं कौतुक केलं आहे. पुढे निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खातं निघालं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले आणि हा ठेवा त्या खात्याच्या देखरेखीखाली आला. १९८३पासून वेरूळ जागतिक वारसा यादीत आहे.

आमचा अकीदा वेगळा आहे, मूर्तिपूजा आमच्यात नाही. पण जमिनीवर फिरून आधीच्या लोकांच्या खुणा पाहा, असं कुरआन वारंवार सांगतं. पाहणं आणि पूजणं यात फरक आहे, हे आम्ही मुलांना सांगायलाच हवं. ते सांगायला आम्हीच उशीर केला होता.

उतरताना नातवाने विचारलं, "दादी, हे आपलं आहे का?" अम्मी पायरीवर थोडं थांबल्या. "पूजा त्यांची आहे, बेटा. सांभाळायचं मात्र आपल्यालाही."

अस्रच्या वेळेला आम्ही खुलताबादला परतलो. तुम्ही जाणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.