रंग बघावा, चाल ऐकावी

घोडा घ्यायला निघालेल्या माणसाला मी एकच सांगतो: आधी ऐक. रंग, उंची, आयाळ, कानांची कमान हे सगळं दिसायला वेळ लागत नाही. विकणारा तेच दाखवायला बसलेला असतो. पहाटे उठून खरारा केलेला असतो, आयाळीत गोंडे गुंफलेले असतात, गळ्यात माळा असतात. टाप मात्र कुणाला सजवता येत नाही. चाबुकस्वार म्हणून शिंगरांना लगामाची ओळख करून देण्यात आणि त्यांना चालीवर आणण्यात माझं आयुष्य गेलं. घोड्याबद्दल मला जे खात्रीने कळलं, त्यातलं बरंचसं कानांनी कळलं.

सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या मुलखांतून घोडे येतात, आणि दिवसभर रंगांचीच चर्चा चालते. अंग तांबूस आणि आयाळ-शेपूट काळी तो कुमैत. त्याच्या अंगाला गडद, तेलकट झाक असली की तेल्या कुमैत. आयाळीसकट सगळा तांबूस तो सुरंग. काळाभोर तो मुश्की, दोन रंगांच्या मोठ्या ठिगळांचा तो अबलख, गुलाबी कातडीचा शुभ्र तो नुकरा. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असलेल्या पंचकल्याणीचा भाव वेगळा. गळ्याखाली देवमणीचा भोवरा सापडला तर मालक तो बोट लावून दाखवतो.

या आवडीला मी हसत नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही घोड्यांच्या मुलखांची आणि रंगांची चर्चा आहे. दख्खनची ही नजर इतकी जुनी आहे. पण रंगाकडून मी कातडीची माहिती घेतो, स्वभावाची किंवा नशिबाची नाही. सब्जा घोडा जन्मतो गडद आणि वर्षागणिक उजळत जातो. सात-आठ वर्षांचा झाला की नवख्याला तो आणि नुकरा सारखेच वाटतात. अंगावर पाणी मारलं की फरक उघडा पडतो: सब्ज्याच्या केसांखाली काळी कातडी दिसते, नुकऱ्याच्या केसांखाली गुलाबी. नुकऱ्याचं नाक आणि ओठ उन्हात भाजतात, म्हणून भर उन्हाळ्यात वरातीसाठी तासन् तास उभ्या केलेल्या नुकऱ्याला सावली मिळते आहे ना, हे बघणं मालकाचं कर्तव्य आहे. सब्ज्याला म्हातारपणी शेपटीच्या मुळाशी काळ्या गाठी येतात. त्याचे केस पांढरे करणारा जनुकीय बदल २००८ साली संशोधकांनी शोधला, आणि त्या गाठींचा संबंधही त्याच बदलाशी लागला. घोडा सांभाळणाऱ्याला रंगाचं इतकं ज्ञान हवंच. यापुढची सगळी परीक्षा पायांची.

साध्या चालीत चार ठोके पडतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. निरोगी, मोकळ्या अंगाच्या घोड्याचे हे चारही ठोके सारख्या अंतराने येतात. दुडकीत दोनच ठोके. पुढचा एका बाजूचा आणि मागचा दुसऱ्या बाजूचा अशी तिरपी जोडी एकदम पडते, मग दुसरी. मधल्या क्षणी घोडा अधांतरी असतो, आणि तोच झटका स्वाराच्या कमरेला बसतो. कँटरमध्ये तीन ठोके आणि मग एक रिकामी जागा, तबल्यातल्या खालीसारखी. ती जागा ज्याला ऐकू येते त्याला घोडा कोणत्या पायावर चाललाय हे खाली वाकून बघावं लागत नाही. भरधाव सुटला की ठोके पुन्हा चार होतात, पण इतके जवळजवळ की सरावलेल्या कानालाच ते वेगळे कळतात. त्यात श्वासही मिसळलेला असतो. कँटर आणि भरधाव चालीत घोडा दर झेपेला एकच श्वास घेतो. श्वासाचा आवाज झेपेशी जुळेनासा झाला, खरखरू लागला, की मी लगाम आवरतो.

भरधाव घोड्याच्या बाबतीत तर डोळा पूर्वापार फसत आला. शतकानुशतकं चित्रकारांनी पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगणारा घोडा रंगवला. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून छायाचित्रं घेतली, तेव्हा लोकांना दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याच्याही आधी फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारेने घोड्याच्या खुरांखाली हवेचे रबरी गोळे बांधले, त्यांच्या नळ्या स्वाराच्या हातातल्या नोंदयंत्राला जोडल्या आणि टापांचा क्रम कागदावर उतरवला. डोळ्यांची खात्री पटण्याआधी टापांनी खरं काय ते सांगून ठेवलं होतं. माझ्या कामात हे मला रोज पटतं.

बाजारात घोडा ढोलाच्या तालावर, मान उंच धरून, आखूड दोरीवर नाचवून दाखवतात. बघायला ते सुंदर असतं, पण त्यात लंगडेपणा झाकला जातो. म्हणून मी ढोल थांबवायला सांगतो, दोर सैल सोडायला लावतो आणि घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने न्यायला सांगतो. शरीराचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे बहुतेक दुखणी तिथेच निघतात. दुखरा पाय टेकताना मान वर जाते, चांगला टेकताना खाली येते. दुखणं अगदी सुरुवातीचं असेल तर मान हललेली दिसतही नाही. पण दुडकीचे दोन ठोके सारखे नसतात; दुखऱ्या पायाचा हलका पडतो. अशा वेळी मी पाठ फिरवून उभा राहतो. डोळ्यापुढे देखणा कुमैत असला की कान निम्मंच ऐकतात.

आपल्याकडे सगळ्यात मानाची चाल म्हणजे रेवाल. एका बाजूचा मागचा पाय, लगेच त्याच बाजूचा पुढचा, मग दुसरी बाजू, असे झरझर चार ठोके. पण एक तरी पाय कायम जमिनीवर. अधांतरी क्षणच नसल्यामुळे झटका नाही. स्वाराच्या हातातल्या भरलेल्या पेल्यातलं पाणी सांडू नये, ही तिची जुनी परीक्षा. आइसलँडच्या घोड्यांसारख्या काही जातींत बाजूच्या पायांची चाल उपजत येते, त्यामागे एका जनुकातला बदल असल्याचं २०१२ साली दिसून आलं. पागेत आम्हालाही ते अनुभवाने ठाऊक असतं: काही शिंगरं आईमागे पळतानाच तसे पाय टाकतात. अशा शिंगराला रेवाल शिकवायची नसते, मोकळी करायची असते. रोज लांब, सरळ वाटेवर साध्या चालीनेच वेग वाढवत न्यायचं. दुडकीत जाऊ बघेल तिथे हलक्या हाताने थोपवायचं. ठोके जुळले की लगेच शाबासकी द्यायची. महिने जातात. ज्यांना धीर नसतो ते पायांत दोऱ्या बांधून ठोके जुळवतात. तसा घोडा काही दिवस रेवाल दाखवतो, पण त्याची पाठ ताठरते आणि लगाम दिसला की तो मागे सरतो. दोरी बांधून आणलेल्या चालीला मी चाल मानत नाही, आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांना ती दोरी हातात धरू देत नाही.

जातींकडेही मी असंच बघतो. मारवाडी आणि काठियावाडी घोडे टोकाला टोक भिडणाऱ्या कानांवरून ओळखतात, ते बरोबरच आहे. पण जात घडते ती जमिनीमुळे आणि कामामुळे. रखरखीत मुलखात कमी चाऱ्या-पाण्यावर लांब पल्ला मारायचा होता, त्यातून या दोन्ही जातींचे काटक पाय आले. कच्छी-सिंधी घोडा त्याच्या रेवालीसाठी नावाजला गेला, कारण दिवसभर खोगिरात बसणाऱ्याला झटका नको होता. इंग्लंडात बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन आयात वळूंपासून थरोब्रेड घडला तो शर्यतीसाठी. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर धावलेला असा घोडा पुढे रपेटीला येतो, तेव्हा त्याला संथ चालणं नव्याने शिकवावं लागतं.

आणि आपला भीमथडी. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतली स्थानिक तट्टं आणि समुद्रमार्गे चौल, दाभोळकडे उतरणारे अरबी घोडे यांच्या संकरातून तो घडला असं मानतात. ठेंगणा, काटक, कडबा खाऊन घाट चढणारा. मराठ्यांची लढाई अंतर कापण्याची लढाई होती. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडलं ते फौजेच्या वेगवान हालचालींनी. तशा लढाईला एका मैलात जिंकणारा घोडा उपयोगाचा नव्हता. आज चालून उद्या पुन्हा चालणारा हवा होता. १८१८ नंतर स्वारीची फौज गेली आणि त्याची मागणीही गेली. तो उरला धनगरांच्या वाड्यांबरोबर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन. तिथे रंगाला भाव नव्हता, पायांना होता. म्हणूनच तो शिल्लक राहिला. अलीकडे त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारी नोंद झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण नोंदीत उंची लिहिता येते, रंग लिहिता येतो, तोंडाची ठेवण लिहिता येते. चाल वापरली तरच टिकते. फक्त प्रदर्शनासाठी जोपासलेल्या जातीत चार-सहा पिढ्यांत उंच मान आणि चमकदार अंग उरतं, पाय मऊ पडतात. म्हणून भीमथडीची निपज करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: वळू कोणता ठेवायचा हे मांडवात ठरवू नका. त्याला बेताचं ओझं देऊन दिवसभराची मजल चालवा, त्यात एक घाट असू द्या, आणि संध्याकाळी कडक जमिनीवर त्याची दुडकी ऐका. ज्याचे ठोके सकाळइतकेच सम पडतात, त्याची प्रजा वाढवा. मग तो कुमैत असो, सुरंग असो की कुणी नावही न ठेवलेल्या मातकट रंगाचा असो.