मृग निघाला, पण दिसतो कुठे?

संपादकांनी फोनवरच अट घातली होती. आकाशदर्शनावर लिहा, पण सोपं लिहा. गणित नको, काहीतरी प्रसन्न असू द्या. मी हो म्हटलं खरं, पण लिहायला बसलो तर प्रसन्न काही सुचेना. जूनपासून एक प्रश्न डोक्यात रुतून बसलाय आणि तोच सारखा वर येतो.

मृग लागून दोन-तीन दिवस झाले होते. आमच्या घाटनांदुरातले एक ओळखीचे शेतकरी संध्याकाळी गच्चीवर आले. बियाणं, खत घरात येऊन पडलेलं आणि आभाळ कोरडं ठाक. म्हणाले, "सर, मृग निघालाय म्हणतेत. तुमी रातरात आभाळ बघता, तर दावा की कुठं हाय त्यो." मी म्हटलं, "काका, जूनमध्ये मृग दिसत नसतो." त्यांना वाटलं मी टाळतोय. "निघालाय बी आन् दिसत बी न्हाई, आसं कसं?" मी समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि गेले. त्यांना पटलं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं.

जे त्यांना सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगतो. "मृग निघाला" याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्राच्या विभागात शिरला. सूर्य ज्या नक्षत्रात असतो, ते त्याच्या आगेमागेच उगवतं आणि त्याच्या आगेमागेच मावळतं. म्हणजे जूनमध्ये मृग भर दुपारी आपल्या डोक्यावर असतो, पण उन्हात बुडालेला. एप्रिलच्या संध्याकाळी तो पश्चिमेला कललेला दिसतो, मे संपता संपता संधिप्रकाशात गडप होतो आणि जुलैच्या अखेरीस ढगांनी परवानगी दिली तर पहाटे पूर्वेला परत सापडतो. दिवाळीत रात्री दहाच्या सुमारास उगवतो. डिसेंबरच्या मध्यावर तर रात्रभर मुक्काम. ज्या पंधरवड्यात गावोगाव त्याचं नाव घेतलं जातं, नेमका त्याच पंधरवड्यात तो आकाशात शोधून सापडत नाही.

पूर्वी हे सांगावं लागत नसे. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधे एका ओळीत तिकांडं, आणि तिकांड्याची रेघ खाली वाढवली की व्याध. तिकांडं कुठवर आलं त्यावरून रात्र किती उरली हे मोटेवरचा माणूस सांगायचा. आजही आमचा शेतकरी रात्रभर रानातच असतो, कारण पंपाची वीज रात्रपाळीची. फक्त आता त्याची नजर मोबाइलच्या उजेडात मोटरच्या पेटीवर असते. त्याला दोष देत नाही. मोटर जळली तर तिकांडं काही भरपाई देत नाही.

आता माझ्या आवडत्या भांडणाकडे येतो. गणित येणारच, संपादकांनी डोळे मिटून घ्यावेत.

पृथ्वीचा अक्ष अत्यंत सावकाश डोलतो. त्यामुळे ऋतूंचं वर्ष आणि ताऱ्यांच्या संदर्भातलं वर्ष यांत थोडा फरक पडतो: साधारण ७२ वर्षांत एक दिवस. पंचांगातली नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली, म्हणजे निरयन. पाऊस मात्र सूर्य किती उत्तरेला सरकलाय त्यावर, म्हणजे सायन हिशेबावर चालतो. आज मृग ७-८ जूनला लागतो. याच पद्धतीने मागे मोजत गेलं तर सतराशे वर्षांपूर्वी तो मेच्या मध्यावर लागत होता. आणखी हजार वर्षांनी २१-२२ जूनला लागेल. केरळात मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख १ जून आहे. मान्सून लवकर येतो, उशिरा येतो, पण तो मृगाचा हात धरून दर ७२ वर्षांना एकेक दिवस पुढे सरकणार नाही. आपल्या पिढीत मृग आणि पाऊस जवळजवळ आहेत, हा काळाचा योगायोग आहे.

सायन की निरयन, हे भांडण मराठी माणसाने शंभर वर्षांहून अधिक काळ मनापासून लढवलं. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे सायन बाजूचे. दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ चं. त्या तोडीचं पुस्तक त्या विषयावर मराठीत पुन्हा झालं नाही, असं माझं ठाम मत आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' लिहिलं. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो तो बिंदू, मृगात होता त्या काळाच्या खुणा वेदांत आहेत, असा त्यांचा दावा होता. आज संपात सरकत सरकत उत्तरा भाद्रपदेत आलाय. निरयनवाल्यांतही पुन्हा दोन तट. नक्षत्रचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून मोजायचा की चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून? टिळक रेवतीकडे, तर 'ज्योतिर्गणित'कार व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेकडे. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीला आणि बाकीच्यांची १४-१५ ला. मृगाचंही तेच. एकट्या महाराष्ट्रात तो दरवर्षी चार दिवसांच्या अंतराने दोनदा निघतो!

या वादात निरीक्षक म्हणून मी चित्रेच्या बाजूचा. रेवतीचा तो तारा पाचव्या प्रतीचा. आमच्या गच्चीवरूनसुद्धा अमावास्येला डोळे ताणून बघावं तेव्हा कुठे दिसतो. चित्रा पहिल्या प्रतीची, लहान पोराला बोट दाखवलं की सापडते. ज्या खुंटीला सगळी कालगणना टांगायची ती दिसणारी तरी असावी. मेघनाद साहांच्या दिनदर्शिका-सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात सायन सौर दिनदर्शिका दिली, ती २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय ठरली. सणवारांसाठी मात्र चित्रेचा निरयन हिशेबही ठेवला. राष्ट्रीय दिनदर्शिका आकाशवाणीच्या बातम्यांत आणि सरकारी कागदांवर राहिली; घराच्या भिंतीवर काही आली नाही.

पंचांग मी जाळा म्हणत नाही. ग्रहणाची वेळ त्यात मिनिटासह बरोबर असते. माझी तक्रार पावसाच्या नक्षत्रांना दिलेल्या वाहनांबद्दल आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, आणि बाकी उरेल त्यावरून कोल्हा, बेडूक, मोर, म्हैस, हत्ती. या बाकीचा बंगालच्या उपसागराशी काय संबंध, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. दर ऑगस्टला मोबाइलवर "मंगळ चंद्राएवढा दिसणार" फिरतं, तेही याच जातीचं. २००३ साली मंगळ खरोखरच जवळ आला होता. तरीही तो ठिपक्याएवढाच होता. तेव्हापासून तो निरोप मरायचं नाव घेत नाही.

मग खरं-खोटं करायचं कसं? मीटरभर लांबीची सळई घ्या, ओळंबा लावून गच्चीवर सरळ उभी करा आणि दुपारची सर्वांत आखूड सावली खडूने आखा. घाटनांदूरला मध्यान्ह बाराला होत नाही. देशाची घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात, आम्ही सहा अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सरासरी १२ वाजून २४ मिनिटं. शिवाय सूर्य स्वतःही वर्षभर मागेपुढे करतो: नोव्हेंबरच्या आरंभी १२:०७, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:३८. २२ डिसेंबरला इथे सावली ९० सेंटिमीटर पडते. १४ जानेवारीला ती ८४ वर आलेली असते. सूर्य उत्तरेकडे वळून तीन आठवडे उलटले, आणि आपण तिळगूळ वाटून उत्तरायण सुरू झाल्याचं जाहीर करतो.

इथे लोकांच्या बाजूने एक सांगायलाच हवं, कारण शहरातले माझे विज्ञानवादी मित्र ते सांगत नाहीत. संक्रांतीनंतर दिवस लवकर उगवू लागतो असं म्हातारी माणसं म्हणतात. ते आमच्या अक्षांशावर बऱ्याच अंशी खरं आहे. दिवस डिसेंबरअखेरीपासून वाढतो, पण संध्याकाळच्या बाजूने. सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. पहाटे उठून धार काढणाऱ्या बाईने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

डोळ्यांनी पाहण्याची ही परंपरा आमच्या भागाची आहे, हे सांगताना थोडा अभिमान मिरवू द्या. गोदावरीपल्याडच्या पाथरीत १५०३ च्या सुमारास ज्ञानराजाने 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषाचा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांचं गाव विज्जडविड म्हणजे बीडच, असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. त्यांच्या नातवाचा शिलालेख मात्र चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्या भांडणात मी पडत नाही. मला त्यांचा यंत्राध्याय आवडतो. तिथे नाना यंत्रं वर्णून झाल्यावर ते एका काठीवर येतात आणि खरं यंत्र बुद्धी, असं बजावतात.

नुसत्या डोळ्यांनी आता काय नवं सापडणार, असं मला विचारतात. कधीकधी मीही स्वतःला विचारतो. पण २०१९ च्या अखेरीस मृगातला तांबडा तारा काक्षी मंद होऊ लागला, तेव्हा ते पाहायला दुर्बीण लागत नव्हती. पद्धत साधी आहे. त्याच्याहून थोडा तेजस्वी एक तारा आणि थोडा मंद एक तारा निवडायचा, शक्यतो सारख्याच उंचीवरचे, आणि तो दोघांमध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. तांबड्या ताऱ्याकडे टक लावायची नाही. तो उगाच तेजस्वी भासू लागतो. नजर फिरती ठेवायची. एरवी रोहिणीपेक्षा उजळ असणारा काक्षी फेब्रुवारी २०२० मध्ये शेजारच्या कोपऱ्यातल्या ताऱ्याच्या बरोबरीला आला होता. तो फुटणार, जग बुडणार, असे फोन मला आले. प्रत्यक्षात ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आली होती. त्या हिवाळ्यात जगभरच्या हौशी लोकांच्या नोंदी उपयोगी पडल्या, त्यांत बहुतेकांकडे डोळे आणि वही एवढंच होतं.

आमच्याकडचं आकाश अजून बरं आहे, पण खालून उजळू लागलंय. उत्तरेला परळीच्या बाजूला पांढुरकी झाक असते, पश्चिमेला अंबाजोगाईची. गावात पांढरे दिवे आले आणि त्यांचा अर्धा उजेड वरच जातो. आडोसा बसवा म्हणून अर्ज केला तर मला अंधाराचा पुरस्कर्ता ठरवलं गेलं. पेंचच्या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, देशातला पहिला. चांगलंच झालं. पण आकाश पाहायला वाघाच्या जंगलात जावं लागणं मला फारसं भूषणावह वाटत नाही.

दुर्बीण कोणती घेऊ, हा प्रश्न दर आठवड्याला येतो. पहिली दोन वर्षं कोणतीच घेऊ नका. विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावा, अर्धा तास मोबाइल खिशात ठेवून डोळे अंधाराला सरावू द्या, आणि हात लांब करून मोजायला शिका: करंगळीची जाडी एक अंश, मूठ दहा, ताणलेली वीत वीसेक. त्याहून बारीक हवं असेल तर कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि एक नट पुरतो.

पहिला प्रयोग हा करा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य ऐन दक्षिणेला येतो. त्याची क्षितिजापासूनची उंची मोजा, मग पाठ फिरवून ध्रुवाची मोजा. घाटनांदुरात दोन्ही साडेअठरा-एकोणीस अंशांच्या आसपास, जवळजवळ सारख्या भरतात. नागपूरकरांना ध्रुव अगस्त्यापेक्षा पाच-एक अंशांनी वर मिळेल, कोल्हापूरकरांना अगस्त्य ध्रुवापेक्षा चार-एक अंशांनी. तुमच्या गावचे आकडे गावाच्या नावासह अंकाच्या पत्त्यावर मला कळवा.