भाताच्या फुलोऱ्यातला एक तास

भाताचे फूल उमलते ते जेमतेम तासाभरासाठी. पोटरीतून लोंबी निसवली की फुलोरा शेंड्याकडून सुरू होतो आणि खाली सरकत पाच ते सात दिवसांत पुरा होतो. एकेक फूल मात्र एकदाच उघडते, बहुधा सकाळी ९ ते १२ च्या दरम्यान. फुलाच्या तळाशी असलेले दोन इवले खवले पाणी शोषून फुगतात, दोन्ही तुसे विलग होतात, सहा पुंकेसरांचे तंतू झपाट्याने लांबतात, परागकोश फुटतात आणि पराग त्याच फुलाच्या पिसासारख्या कुक्षीवर पडतात. तासाभरात तुसे पुन्हा मिटतात. दाणा धरणार की पळिंज राहणार, हे बहुतांशी तेवढ्या वेळात ठरलेले असते.

उष्णतेचा घाव याच वेळेवर बसतो. फुलोऱ्यात तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की वांझ फुले वाढू लागतात. नाजूक वाणांना ३४ अंशांच्या आसपासचा एक तासही भोवतो. फूल उमलून तासभर उलटल्यावर तेवढीच उष्णता आली, तर दाणा धरण्यावर फारसा परिणाम होत नाही. दुबळी बाजू पुंकेसराची असते. परागकोश फुटण्यासाठी आतल्या परागांनी पाण्याने फुगून पडद्यावर दाब आणावा लागतो. उष्णतेत ते नीट फुगत नाहीत, कोश अर्धवट फुटतात किंवा मिटलेलेच राहतात, आणि कुक्षीवर मोजकेच पराग पोहोचतात. कुक्षी त्या मानाने काटक असते. उष्णता सोसलेल्या फुलावर निरोगी पराग टाकले, तर दाणा धरतो.

या संकटातून निभावण्याच्या भाताच्या तीन रीती आहेत. पहिली, वेळ चुकवणे. सकाळ तापलेली असली की काही वाण नेहमीपेक्षा थोडे आधी उमलतात. ‘ओरायझा ऑफिसिनॅलिस’ या रानटी भाताचा तर पहाटे फुलण्याचा स्वभावच आहे. जपान आणि फिलिपिन्समधील संशोधकांनी तो गुण संकरातून लागवडीच्या भातात आणला. त्यामुळे फुले दीड-दोन तास आधी उमलतात आणि ऊन चढण्यापूर्वी परागीभवन उरकते.

दुसरी रीत, अंग थंड ठेवणे. पाने आणि लोंबी बाष्पावाटे पाणी सोडतात, तेव्हा लोंबी आसपासच्या हवेपेक्षा थंड राहते. ऑस्ट्रेलियातील रिव्हरिना भागात हवा कोरडी असते. तेथे लोंबीचे तापमान हवेपेक्षा सुमारे ७ अंशांनी कमी आढळले आहे, म्हणून कडक उन्हातही दाणे भरतात. याउलट चीनमधील यांगत्सेकाठच्या दमट, वारा पडलेल्या शेतांत लोंबी हवेपेक्षाही तापलेली आढळते. केवळ हवामानाचा आकडा पाहून फुलोऱ्याचे भवितव्य सांगता येत नाही, ते यामुळेच.

तिसरी रीत, प्रत्यक्ष सोसणे. उत्तर प्रदेशातील नगीना गावाचे नाव लाभलेला ‘नगीना २२’ हा जुना वाण जगभरच्या संशोधनात उष्णता सोसणारा म्हणून मानला जातो. ३८ अंशांतही त्याची बरीच फुले दाणा धरतात. अशा काटक वाणांच्या परागकोशांत पेशींतील प्रथिने विस्कटू न देणारी संरक्षक प्रथिने अधिक तयार होतात. काही वाणांचे परागकोश तळाशी लांब चिरतात, त्यामुळे पराग कुक्षीच्या अगदी जवळ सांडतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न उन्हाळी पिकापुढे उभा राहतो. भंडारा-गोंदियाचे उन्हाळी धान उशिरा लावले, तर एप्रिलच्या चाळिशीपार उन्हात निसवते. तेथील कोरडी हवा लोंबी थंड ठेवण्यास मदत करते, पण बांधीत पाणी असेल तरच. कोकणातील वायंगणी भाताला पारा तितका चढत नाही. मात्र दमट हवेत बाष्प सुटणे मंदावते, आणि त्या कमी तापमानाचा भरवसा उरत नाही. दोन्हीकडे निसवण्यापासून दाणा भरेपर्यंत सुमारे ५ सेंटिमीटर पाणी राखणे आणि लावणी वेळेत उरकणे, हे शेतकऱ्याच्या हातातले खरे उपाय आहेत. लावणी फार आधी घेतली, तर थंडीत रोपे खुंटतात. म्हणून तारीख थंडी आणि ऊन या दोहोंच्या मधली शोधावी लागते.

नुकसान दिसते ते कापणीच्या सुमारास. भरलेली लोंबी वाकते, पळिंज झालेली ताठ उभी राहते. अशी ताठ शेते पाहून कीड-रोगाला दोष देण्याआधी पीक कोणत्या दिवशी निसवले आणि त्या आठवड्यात सकाळची हवा कशी होती, हे आठवून पाहावे. पेरणी-लावणीच्या तारखांबरोबर निसवण्याची तारीखही वहीत टिपून ठेवली, तर पुढच्या वर्षीची लावणी किती दिवस आधी घ्यायची, याचा हिशेब तीवरूनच मांडता येतो.