मळ काढा, लोखंड नको!

महार रेजिमेंटच्या सागर येथील केंद्रात आम्ही रंगरूट असताना हाती ७.६२ ची एसएलआर आली. गोळी सुटताना निघणाऱ्या गॅसच्या जोरावर हिची पुढची गोळी आपोआप चढते. पिस्टनवर काजळी साचली, की रायफल ऐनवेळी अडते. या धास्तीने आम्ही पिस्टन पॉलिशपेपरने आरशासारखा चकचकीत केला. उस्ताद संतापले, "अरे, मळ काढायचा, लोखंड नाही! झिजलेला पिस्टन गॅस धरील का?"

मग त्यांनीच शिकवले : पुलथ्रूला चिंदी बांधून नळीतून सरळ ओढायची, चिंदी स्वच्छ निघाली, की थांबायचे. वरून तेलाचा पातळ हात. फायरिंगपूर्वी मात्र नळी कोरडी.

शेजारच्या जवानाचा जीवही आपल्या रायफलीवर असतो, हे तेव्हा उमगले.