निधान

2023च्या श्रावणात आईची थायरॉईडची ग्रंथी ऑपरेशन करून पूर्ण काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "ओठाला मुंग्या आल्यासारखं होतंय रे." मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. "सलाईनमुळं असेल, झोप जरा," म्हणालो. आईचं माहेर गोकाकचं. सिस्टर आल्या तेव्हा तिनं तेच कानडीत सांगितलं, "तुटी जुम् जुम् अंताव." सिस्टर तशाच पळाल्या.

डॉक्टरांनी आईच्या कानासमोर गालावर बोटानं टिचकी मारली. ओठाचा कोपरा उडाला. तोवर तिची बोटंही आखडू लागली होती. थायरॉईडच्या पाठीमागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशननंतर कधीकधी त्या काही दिवस गप्प होतात आणि कॅल्शियम उतरतं.

ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटच्या दोन अँपूल आल्या. मी इतिहास शिकवणारा माणूस, पण घाबरलेल्या माणसाला सगळंच कळायला लागतं! मोबाईलवर पाहिलं. 10 टक्क्यांच्या 10 मिली ग्लुकोनेटमधून सुमारे 93 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तेवढ्याच क्लोराईडमधून 272. जवळजवळ तिप्पट. "मग जोराचं का देत नाही?" माझा आवाज चढला.

डॉक्टर वयानं माझ्या विद्यार्थ्याएवढे. म्हणाले, "सर, हातावरची शीर बारीक आहे. क्लोराईड बाहेर झिरपलं तर कातडी जळून जखम होते. ग्लुकोनेटनंही होऊ शकते, पण तो धोका कमी. क्लोराईड शक्यतो मोठ्या शिरेतून द्यावं लागतं. कमी पडलं तर हेच पुन्हा देऊ की."

तेही घाईनं नाही. दोन्ही अँपूल डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून वीस मिनिटं, आणि सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर. भरकन गेलं तर हृदयाचे ठोके मंदावतात. मी घड्याळाकडं पाहिलं की सिस्टर म्हणायच्या, "निधान, सर, निधान." मराठीतलं निधान नव्हे, आपलं कानडीतलं.

औषध संपत आलं तेव्हा आईची बोटं सैल झाली. काय दिलंत, तिनं विचारलं. सिस्टर हसून म्हणाल्या, "सुण्ण कोट्टेव री, अज्जी."

"पानाला लावतात तो चुना?" आईलाही हसू आलं.

घरी आल्यावर गोळ्या सुरू झाल्या. ओठाचं काही वाटलं तर ती आता माझ्या बायकोला सांगते, कानडीत. मी शेजारीच बसलेला असलो तरी.