उत्तर कोणतीकडे ?

पूर्वीं होकायंत्र पाहावयाचें म्हणजे शाळेचें कपाट उघडावें लागे. आतां तें प्रत्येकाच्या खिशांत आहे. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकलें कीं दिशा अंशांसह उमटते. आणि अंशांत लिहिलेली गोष्ट चुकीची असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. माझी तक्रार आहे ती या भाबडेपणाविषयीं, यंत्राविषयीं नव्हे.

मोबाइलमध्यें टांगलेली सुई नसते. तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक संवेदक परस्परांशीं काटकोनांत असलेल्या तीन दिशांनीं चुंबकीय क्षेत्र मोजतो, व त्यावरून गणितानें उत्तर ठरते. पृथ्वीचें हें क्षेत्र फार दुर्बल. आपल्याकडे सुमारें ४० मायक्रोटेस्ला. उलट संवेदकाच्या शेजारींच ध्वनिवर्धकाचा चुंबक बसलेला ! म्हणून यंत्राला प्रथम स्वतःचाच दोष ओळखावा लागतो. मोबाइल इंग्रजी आठाच्या आकृतीप्रमाणें हवेंत फिरवावयास सांगतात तें यासाठींच. सर्व अंगांनीं फिरविल्यावर मोजमापांचे बिंदू एका गोलावर पडावयास हवेत. आंतील चुंबक त्या गोलाचा मध्य सरकवितो. जवळचें साधें लोखंड गोलाला अंड्याचा आकार देतें. मध्य किती सरकला तें काढून वजा केलें कीं आकडा सुधारतो. यंत्र तिरपें धरल्यानेंहि चूक होते, कारण आपल्याकडे हें क्षेत्र उत्तरेकडे जमिनींत झुकलेलें असतें. तेथें गुरुत्वाची दिशा जाणणारा दुसरा संवेदक साहाय्य करतो.

परंतु जें लोखंड मोबाइलबरोबर फिरत नाहीं, खिडकीचे गज, स्लॅबच्या सळया, लिफ्ट, त्याला हा उपाय चालत नाहीं. जाणकारांनीं याची केवढी धास्ती घेतली होती पाहा. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत असत. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचें ठरलें तेव्हां, त्या प्रवाहानें नोंदी बिघडतील म्हणून, नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत १९०४ मध्यें अलिबागेस नवी वेधशाळा उभारली गेली. तिच्या इमारतींत लोखंडाला थारा दिला नाहीं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे वेध घेऊन ते ताडून पाहिले, आणि मगच कुलाब्याचें चुंबकीय काम थांबविलें.

गेल्या वर्षीं माझ्या भाच्यानें एका सदनिकेचा इसार दिला. एका वास्तुसल्लागारांनीं उंबऱ्यावर मोबाइल धरून सांगितलें, "एकशेंसतरा अंश. दार आग्नेयेस आहे, घर सोडा." सोडावें तर इसार बुडणार, घ्यावें तर आईच्या जिवाला घोर. वास्तूच्या फलाफलावर माझा विश्वास नाहीं, पण बहिणीचा आहे; निदान ती आग्नेय आहे कीं नाहीं तें तरी पाहावें म्हणून गेलों. दाराला लोखंडी जाळी, समोर लिफ्ट. मोबाइल हातभर मागें घेतला तोंच आकडा पंधरा अंशांनीं फिरला.

"मामा, मग खरा आकडा कोणता ?"

"अरे, सूर्याला विचारूं."

कात्यायनाच्या शुल्बसूत्रांतील रीत आहे. सपाट जागीं शंकू उभा करून त्याभोवतीं दोरीनें वर्तुळ काढावयाचें. सकाळीं छायेचें टोक वर्तुळाला जेथें शिवेल तेथें एक खूण, दुपारनंतर पुन्हां शिवेल तेथें दुसरी. दोहोंना जोडणारी रेषा ती पूर्वपश्चिम. मधल्या वेळांत सूर्याची क्रांति किंचित् बदलते, पण दारापुरता तो फरक नगण्य. गच्चीवर आम्हीं ओळंब्यानें काठी उभी केली व खडूनें रेषा आंखली. सळया खालीं कितीहि असोत, सावलीला त्यांचें काय ! कठडा दाराच्या भिंतीशीं समांतर होता; त्यावरून मोजतां दाराचें तोंड पूर्वेपासून दक्षिणेकडे अवघें सात अंश निघालें. म्हणजे पूर्वच.

मग इमारतीपासून दूर, मोकळ्या मैदानांत मोबाइल आठाप्रमाणें फिरविला आणि त्याच भिंतीच्या रोखानें पाहिलें. तेव्हां दाराचे अठ्ठ्याण्णव अंश आले. महाराष्ट्रांत खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांमध्यें एका अंशाहूनहि कमी अंतर आहे, तेव्हां दोन्ही रीतींचा मेळ बसावयासच हवा होता.

बहिणीनें खडूची रेषा स्वतः निरखून पाहिली, आणि पुढच्या आठवड्यांत खरेदीखत झालें. सल्लागारांस दिलेली दक्षिणा मात्र परत आली नाहीं.