गेम थांबवता येतो का?

आम्ही दोघे बहीण-भाऊ गोंदियात वाढलो. आज बहीण प्राथमिक शाळेत शिकवते आणि भावाचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. शाळेत पोरांच्या तोंडून आणि दुकानात पालकांच्या तोंडून एकच विषय रोज आमच्या कानावर येतो, तो म्हणजे गेम. "गेम चांगले की वाईट, तुम्हीच सांगा," असे लोक म्हणतात. जेवण चांगले की वाईट असे कोणी विचारत नाही. काय जेवलास, ते विचारतात. गेमचेही तसेच आहे. आम्ही लहानपणापासून खेळत आलो, अजूनही खेळतो, म्हणून आमची मते इथे मांडत आहोत.

पहिला मान मारिओचा. दोघांची ईदी एकत्र करून आणि कमी पडलेले पैसे अब्बांकडून घेऊन आम्ही टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 1985 चा गेम. आमच्या हाती तो बऱ्याच वर्षांनी, नकली कॅसेटमधून आला. आठ जग आणि प्रत्येकात चार टप्पे, असे एकूण 32 टप्पे. सात किल्ले जिंकले तरी राजकुमारी दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचे कळते. आठव्यात ती भेटते आणि गेम संपतो. त्या काळी लोडशेडिंग होते. सातव्या जगात पोचलो असलो तरी वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तरीही हा गेम आम्हाला आजही आवडतो. त्यात खड्डा कुठे आहे ते ठरलेले असते, हात बसला की पार होता येते. अम्मीने हाक मारली की स्टार्टचे बटण दाबायचे. मारिओ हवेत लटकून राहायचा, आम्ही दूध आणून परत यायचो.

भावंडांसाठी 'कॉन्ट्रा'सारखा गेम नाही. दोघांनी मिळून खेळायचा, गोळ्या झाडत पुढे जायचे. त्यातला धबधब्याचा टप्पा आमच्या घरात भांडणाचे मूळ होता. तिथे एकाने घाईने वर उडी मारली की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला दुसरा मरतो. दोन-चारदा भांडून झाल्यावर आम्ही "थांब, आलो" म्हणायला शिकलो. मारामारीचा गेम असूनही आम्ही त्याला चांगला म्हणतो, ते याचमुळे.

पुढे मामूंच्या घरी कॉम्प्युटर आला आणि आम्हाला 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग मिळाला. तो 1999 चा. शेती करा, लाकूड तोडा, गाव वसवा, मग फौज उभी करा. पहिली दहा मिनिटे जो धान्याकडे लक्ष देत नाही, त्याची फौज पुढे उभीच राहत नाही. धानाच्या जिल्ह्यातल्या पोरांना हे लवकर पटले. त्यात सलाहुद्दीन अय्युबीची मोहीम होती. शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत भेटलेला माणूस इथे नायक म्हणून समोर आला, याचे आम्हाला फार अप्रूप वाटले.

हे सांगायचे कारण असे की बंदुकीच्या पुष्कळ गेममध्ये अरबी पाट्यांचे शहर दिसले की ते फक्त गोळ्या झाडण्यासाठी असते. 2012 मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या एका नकाशात न्हाणीघरातल्या चौकटीवर अल्लाहच्या नावाचा मजकूर असल्याचे खेळाडूंनी दाखवून दिले, तेव्हा कंपनीने तो नकाशा काढून घेतला. जून 2020 मध्ये पबजीत मूर्तीपुढे झुकल्यावर फायदा मिळण्याची सोय आली होती. मुस्लिम खेळाडूंनी हरकत घेतल्यावर तीही काढण्यात आली. गेम फेकून देण्यापेक्षा नेमके काय खुपते ते सांगितले, तर ऐकले जाते, असा आम्ही यातून अर्थ काढला. आणि 2023 चा 'असॅसिन्स क्रीड मिराज' पाहा. त्यात नवव्या शतकातले बगदाद आहे, बैतुल हिकमा आहे, आणि पूर्ण गेम अरबीतून ऐकता येतो. छुपे खून करण्याचा गेम आहे, लहान मुलांना देऊ नका. पण त्या बगदादच्या गल्ल्यांतून नुसते फिरण्यासाठी आम्ही तो मित्राच्या कॉम्प्युटरवर कितीतरी वेळ सुरू ठेवला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' काढला. नायिका मुलगी आहे, हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. कथा हिंदू पुराणांच्या आधाराने रचलेली आहे. आम्ही ती गोष्ट म्हणूनच खेळलो. बहिणीला तो फार आवडला. भावाला लढाया एकसारख्या वाटल्या. पण काही तासांत गोष्ट पूर्ण होते, यावर दोघांचे एकमत.

आता पबजी. वाईट बनवलेला गेम म्हणणार नाही. शंभर जण उतरतात, शेवटी एक गट उरतो. चौघे मित्र एकमेकांना सांभाळत खेळतात, ती मजा खरीच आहे. पण त्यात थांबण्याचे बटण नाही. डाव साधारण अर्धा तास चालतो. मध्येच मगरिबची अजान झाली किंवा अम्मीने हाक मारली, तर पोरगा उठू शकत नाही. उठला तर तीन दोस्त अडकतात. म्हणून तो "दो मिनट" म्हणतो. पोरगा बिघडला असे घरच्यांना वाटते. गेमची रचनाच तशी आहे. मार्च 2019 मध्ये हिंगोलीत रेल्वेरुळाजवळ पबजीत गुंतलेले दोन तरुण गाडीखाली गेले. आमचे गाव तर जंक्शन. रुळाच्या कडेला मान खाली घालून बसलेली पोरे पाहिली की आमच्या पोटात गोळा येतो. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने पबजीवर बंदी घातली. 2021 मध्ये तो नव्या नावाने आला, 2022 मध्ये पुन्हा गेला, 2023 मध्ये परतला. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. हिवाळ्यात असर ते इशा एवढाच वेळ असतो!

लॉकडाऊनमध्ये घरोघरी 'लुडो किंग' चालला. तो नवी मुंबईच्या कंपनीचा, 2016 चा. दुबईला अडकलेला चुलत भाऊ आणि आम्ही रोज रात्री खेळायचो. गोट्या कमी हलायच्या, बोलणेच जास्त व्हायचे. नानीला फाशांचा खेळ पसंत नव्हता. तिच्यासमोर आम्ही कॅरम काढायचो.

नानीची धास्ती कुठे खरी ठरते, ते दुकानात दिसते. लुडो, रमी, क्रिकेट अशा ओळखीच्या नावाखाली पैसे लावणारे ॲप आले. धानाचा चुकारा बँकेत जमा झाला आणि आठ दिवसांत खाते रिकामे झाले, म्हणून तालुक्याच्या गावाहून एक बाप मुलाचा फोन घेऊन आला होता. "बेटा, पैसे गेले कुठे, तेवढे दाखव," एवढेच त्यांचे म्हणणे. आम्ही दाखवले. ते बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन खेळात 58 कोटी गमावल्याची तक्रार केली, तेव्हा नागपूर पोलिसांचा छापा आमच्याच गोंदियात पडला आणि एका घरातून कोट्यवधींची रोकड व सोने निघाले. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याची ही गत, तर चुकाऱ्यावर जगणाऱ्याचे काय? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कुरआनात, सूरह अल-माइदामध्ये, मैसिर म्हणजे जुगार शराबच्या जोडीने मना केलेला आहे. त्यामुळे या ॲपबद्दल आमचे दुसरे मत नाही. ते गेमच नव्हेत.

म्हणून पालक विचारतात तेव्हा आम्ही तीन प्रश्न पुढे करतो. हा गेम मध्येच थांबवता येतो का? त्याला शेवट आहे का? जिंकण्यासाठी तो पैसे मागतो का? फोन हिसकावण्याआधी मुलाजवळ बसा आणि हे त्यालाच विचारा. उत्तरे त्याला तुमच्यापेक्षा चांगली माहीत असतात. मुलींनाही हेच विचारा. पोरे बाहेर खेळतात, मुली फोन लपवून खेळतात, आणि अडचणीत आल्या तर सांगायला कोणी नसते.

आमच्या भाच्यांना पबजी पूर्ण बंद नाही. जुम्म्याच्या दिवशी असरनंतर एक डाव, तोही बैठकीत, सगळ्यांसमोर. डाव सुरू करण्याआधी घड्याळ पाहून मगरिबला अर्ध्या तासाहून जास्त वेळ आहे की नाही, ते त्यांनीच सांगायचे. नसेल तर जुना मारिओ आहेच.